आतापुएर्काचे आगिर्रे सर

दगडगोटे (धागाकर्ता)

आतापुएर्का हा आदिमानवाच्या हाडांसाठी गाजलेला स्पेनमधला डोंगर. त्याचं नाव निघालं की तीन संशोधक आठवतात: आर्सुआगा, बेर्मुदेस दे कास्त्रो आणि कार्बोनेल. पुस्तकं त्यांची, मुलाखती त्यांच्या, आणि सोला टोपी घातलेले कार्बोनेल तर पोस्टरवर छापण्याच्या लायकीचे. या तिघांना ज्यांनी तिथं कामाला लावलं ते एमिलियानो आगिर्रे मात्र कायम तळटिपेत. त्यांच्या नावावर एकही गाजलेली कवटी नाही. तरीही त्या डोंगरावरचं सगळ्यात मोठं काम त्यांचंच, असं माझं मत आहे. ते का, एवढंच सांगायला हा धागा.

जन्म १९२५, गॅलिशियातलं फेर्रोल हे बंदर. तरुणपणी जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात गेले. तत्त्वज्ञान, निसर्गविज्ञान, धर्मशास्त्र असं सगळं शिकले आणि अडकले ते जीवाश्मांत, त्यातही हत्तींच्या. प्रबंध हत्तींच्या उत्क्रांतीवर, आणि त्याच विषयावरचा त्यांचा लेख १९६९ साली 'सायन्स'मध्ये आला. हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या स्पेनमधून तिथं छापून येणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्याआधी १९६१ ते ६३ या काळात अमेरिकन संशोधक क्लार्क हॉवेल सोरिया प्रांतात तोर्राल्बा आणि आम्ब्रोना इथं खोदत होते. आगिर्रे त्या कामात होते. लाखो वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या काठावर सरळ सुळ्यांच्या हत्तींची हाडं आणि त्यांच्यात विखुरलेली दगडी हत्यारं असा तो प्रकार. आम्ब्रोनात त्या वेळी एक फार शहाणपणाची गोष्ट झाली. हाडं उचलून राजधानीला न्यायची सोडून काही जागीच ठेवली आणि त्यांच्यावर छप्पर बांधलं. १९६३ सालचं ते छोटं संग्रहालय आजही माळावर उभं आहे. हॉवेल यांच्या पथकात भूगर्भवाले, परागकणवाले, प्राण्यांच्या हाडांचे जाणकार, सगळे एका खड्ड्याभोवती बसत. तोवर स्पेनमध्ये चाल अशी होती की एक प्राध्यापक, चार मजूर, आणि चांगलं हत्यार निघालं की ते पेटीत. आगिर्रे यांनी पुढे आतापुएर्कात जे उभं केलं त्याचं मूळ मला इथं दिसतं.

आता आतापुएर्का. बुर्गोस शहराच्या पूर्वेला साधारण १५ किलोमीटरवर चुनखडीचा एक बुटका डोंगर. रिचर्ड प्रीस विल्यम्स नावाच्या इंग्रज खाणमालकाने एकोणिसावं शतक संपता संपता डेमांदा डोंगरातला कोळसा आणि लोखंड वाहून न्यायला रेल्वे टाकली, आणि ती या डोंगराला चिरून नेली. अर्धा किलोमीटर लांब, जागोजागी वीसेक मीटर खोल असा चर पडला. या चरात गाळाने गच्च भरलेल्या जुन्या गुहा उभ्या कापल्या गेल्या. रेल्वे काही वर्षांतच बंद पडली, चर उरला.

त्याच डोंगराच्या पोटात एक वेगळी जागा आहे: सिमा दे लोस उएसोस, म्हणजे हाडांची खाई. कुएवा मायोर या गुहेच्या तोंडातून सुमारे अर्धा किलोमीटर आत रांगत, वाकत जायचं, मग १३ मीटरचं उभं विवर. आसपासच्या गावची पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं उतरायची, ती अस्वलाचे दात आणायला. मैत्रिणीला दात नेऊन द्यायचा, म्हणजे आपण तिथं जाऊन आलो हे सिद्ध. प्रेमापायी खालचा गाळ असा काही तुडवला गेला होता की थर नावाची गोष्टच उरली नव्हती.

१९७६ साली त्रिनिदाद तोर्रेस हे खाणअभियंते अस्वलांच्या जीवाश्मांवर प्रबंध करत होते. बुर्गोसच्या एडेलवाइस या गुहाभ्रमण करणाऱ्या मंडळींना घेऊन ते खाली उतरले. अस्वलाच्या हाडांत त्यांना माणसाचा जबडा मिळाला. तो त्यांनी आपल्या मार्गदर्शकांकडे, म्हणजे आगिर्रे यांच्याकडे नेला. आज त्या जबड्याची नोंद एटी-१ अशी आहे.

इथं दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी विवरात उतरला असता. आगिर्रे यांनी १९७८ला काम सुरू केलं ते सगळ्या डोंगराचा आराखडा आखून. रेल्वेच्या चरातल्या भरलेल्या गुहा वरच्या थरापासून खाली, रुंद उघडून खोदायच्या. प्रत्येक वस्तूची जागा तीन मापांत नोंदवायची. आणि काम उन्हाळ्या-उन्हाळ्याने, वर्षानुवर्षं चालवायचं. खाईत तर आधी नुसता तुडवलेला राडाच उपसायचा होता. दगड फोडून, गाळ सॅकमध्ये भरून, पाठीवर घेऊन, शिडीने वर, मग त्याच अर्धा किलोमीटर वाटेने बाहेर. चार माणसं खाली थोडा वेळ राहिली की हवा जड व्हायची, मग पाळी बदलायची. १९८४पासून पुढची बरीच वर्षं या राड्यातच गेली. त्यात बोटांची पेरं, सुटे दात असं बारीकसारीक निघत राहिलं, आणि तेवढ्यावरून खाली बरंच काही असणार हे कळत होतं.

आणि मग १९९०. आगिर्रे निवृत्त झाले. सूत्रं त्या तिघांकडे दिली. १९९२ला खाईतून कवट्या निघाल्या, त्यातली ५ क्रमांकाची तर जगातल्या सगळ्यात चांगल्या टिकलेल्या जीवाश्म कवट्यांपैकी. १९९४ला रेल्वेच्या चरातल्या ग्रान दोलिना या गुहेतून आठ लाख वर्षांहून जुनी माणसाची हाडं. दोन वर्षं, चार वर्षं. एवढ्यानेच चुकामूक झाली. चिडचिड, हेवा, 'मी होतो म्हणून' असलं काही त्यांनी केल्याचं माझ्या वाचनात नाही. १९९७ला आतापुएर्काच्या पथकाला प्रिन्स ऑफ अस्तुरियास पुरस्कार मिळाला तेव्हा ते त्यात होतेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये, ९६व्या वर्षी, बुर्गोसमध्येच गेले.

तुमचं मत सांगा. खोदकामाचा अनुभव असलेल्यांनी तर जरूर.

सानिका_द

वाचनखूण साठवली. अस्वलाचे दात हा भाग भारी आहे. आपल्याकडे पोरं प्रेमात पडली की किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरतात, त्यापेक्षा दात परवडले.

कावळा_उवाच

लेख चांगला, पण व्यक्तिपूजेकडे झुकतोय. खरं श्रेय त्या इंग्रजाच्या रेल्वेला. तिने डोंगर चिरला नसता तर आगिर्रे काय खोदणार होते? आणि ते पहिलेही नव्हेत. १९६४ला फ्रान्सिस्को होर्दा यांनी तिथं खोदलं होतंच. नशीब म्हणा की.

दगडगोटे

कावळेबुवा, चर पडला १९०० च्या आगेमागे. आगिर्रे यांनी सुरुवात केली १९७८ला. मधली पाऊणशे वर्षं तो चर सताड उघडा होता, हाडं भिंतीतून बाहेर डोकावत होती. रेल्वेने दार उघडलं हे मान्यच. होर्दा यांनी काही मोसम खोदलं आणि थांबले. त्यांना कमी लेखायचं नाही, पण एका-दोन उन्हाळ्यांत जेवढं हाती लागेल तेवढं घ्यायचं, ही त्या काळची रीतच होती. आगिर्रे यांनी ती रीत मोडली. नशीब वगैरे ठीक आहे, पण वर्षानुवर्षं राडा उपसायला नशीब येत नाही, विद्यार्थी यावे लागतात.

अवांतर: तोर्राल्बाची हाडंसुद्धा १८८८ साली रेल्वेच्याच कामात निघाली होती. त्यामुळे तुमचा रेल्वेचा मुद्दा दुप्पट मजबूत करून देतो, घ्या.

कावळा_उवाच

घेतला. पण तोर्राल्बाचा विषय काढलाच आहे तर पुढचंही सांगा ना. माणसांनी गवताला आग लावून हत्तींना दलदलीत हाकललं आणि कापून खाल्लं, ही हॉवेल मंडळींची गोष्ट किती वर्षं पाठ्यपुस्तकांत होती! आम्ब्रोनात एक सुळा आणि लांब हाडं एका रांगेत सापडली, तर तीही माणसाने मुद्दाम मांडली म्हणे. १९८७ला बिनफर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने सगळं पिसून काढलं. पाण्याने वाहून आलेली हाडं, आपोआप मेलेले हत्ती, आणि अधूनमधून येऊन मांस कापून नेणारी माणसं. शिकारबिकार काही नाही. मग त्या 'सगळे जाणकार एका खड्ड्याभोवती' पद्धतीचा उपयोग काय झाला?

चाळणीवाली

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले, पाषाणयुगीन स्थळांवर काम केलंय, म्हणून मध्ये बोलते.

कावळा, उलट विचार करून बघा. बिनफर्डला ती गोष्ट खोडता आली कारण हॉवेल-आगिर्रे मंडळींनी हाडं कुठल्या जागी, कशी पडली होती त्याची नोंद ठेवली होती. निष्कर्ष चुकला तरी नोंद नीट असेल तर दुसरा येऊन तपासू शकतो. नोंदच नसेल तर चुकलेलंसुद्धा कळत नाही. जुन्या खोदकामांच्या पेट्या उघडून बसलेल्या कुणालाही विचारा. आत सुंदर हातकुऱ्हाड असते आणि चिठ्ठीवर फक्त गावाचं नाव.

दगडगोटे, चाळणीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी भर घालते, कारण आतापुएर्काची खरी मजा तिथं आहे. खोदलेल्या गाळातला एकही चमचा फेकत नाहीत. पोती भरून आर्लान्सोन नदीवर नेतात. तिथं चाळण्या एकावर एक: वरची जाळी मोठ्या भोकांची, सगळ्यात खालची अर्ध्या मिलिमीटरची. पंपाच्या पाण्याने गाळ धुतात. वरच्या जाळीवर खडे आणि हाडांचे तुकडे उरतात, खालच्या जाळीवर वाळूसारखा चुरा. तो उन्हात वाळवायचा, ताटात पसरायचा, आणि चिमट्याने वेचायचा. त्या चुऱ्यात असतात उंदरांचे दात. टाचणीच्या डोक्याएवढे.

या दातांवरून काळ कळतो. मिमोमिस साविनी नावाचा एक पाणउंदीर होता, त्याच्या दाढांना मुळं असायची. त्याचे वंशज आर्विकोला, त्यांच्या दाढा मुळांशिवाय आयुष्यभर वाढत राहतात. हा बदल युरोपात साधारण सहा लाख वर्षांपूर्वी झाला. म्हणजे ज्या थरात मुळंवाल्या दाढा मिळतात तो त्याहून जुना. ग्रान दोलिनाच्या सहाव्या थरात, म्हणजे जिथं माणसाची हाडं मिळाली तिथं, मुळंवाला मिमोमिस निघाला. आणि तिथंच १९९५ला खडकातली चुंबकीय दिशा मोजली तर ती उलटी निघाली. पृथ्वीचं चुंबकत्व शेवटचं पालटलं ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे माणसांचा थर त्याच्याही आधीचा. उंदीर आणि होकायंत्र दोघांनी एकच साक्ष दिली. तोवर बऱ्याच जाणकारांचं मत होतं की युरोपात पाच लाख वर्षांच्या आधी माणूस पोचलाच नाही.

आता उंदरांचे दात वेचणारा माणूस पथकात हवा, असं १९७८ साली ठरवणारे कोण, तर हत्तीवाले आगिर्रे.

मुकुंद_वाई

चाळणीवाली ताई, दंडवत. आपल्याकडे असं काही?

चाळणीवाली

हत्यारं भरपूर, माणूस मात्र जवळजवळ नाहीच. नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला १९८२च्या डिसेंबरात अरुण सोनकिया यांना कवटीचा वरचा भाग मिळाला. पुरापाषाणयुगातली आपल्याकडची दाखवण्याजोगी कवटी ती एवढीच. ती नदीच्या खडी-वाळूत मिळाली, म्हणजे कुठून वाहत आली आणि नेमकी किती जुनी यावर वाद आहेच. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीवर बोरीला हातकुऱ्हाडी आणि ज्वालामुखीची राख एकत्र आहे. त्या राखेचं वय कुणी १४ लाख वर्षं काढलं, कुणी पावणेसात लाख, आणि कुणी म्हणतं ती सुमात्रातल्या तोबाची, म्हणजे फक्त ७४ हजार. इतका फरक! नदीकाठचा गाळ हलतो, मिसळतो. गुहेतला गाळ एकावर एक बसतो आणि चुनखडी हाडं सांभाळते. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात हाडं टिकणं मुळातच कठीण. तेव्हा 'आपण कमी पडलो' असं लगेच म्हणू नका, दगडाचाही दोष असतो.

धोबीतलावकर

धागा स्पॅनिश जेझुइट आणि प्राचीन मानव असा आहे आणि अजून कुणी फादर हेरासचं नाव घेतलं नाही? मुंबईकर झोपलेत का?

एन्रिक हेरास. जन्म बार्सिलोनाचा, १८८८. १९२२ला मुंबईत आले आणि इथलेच झाले. सेंट झेवियर्समध्ये १९२६ साली त्यांनी संशोधन संस्था काढली, आज तिला त्यांचंच नाव आहे. विजयनगरच्या आरविडू घराण्यावरचा ग्रंथ १९२७चा. पुढे सिंधू संस्कृतीच्या मुद्रांनी त्यांना असं धरलं की शेवटपर्यंत सोडलं नाही. ती लिपी द्राविडी भाषेची, आणि तिथून भूमध्य समुद्रापर्यंत एकच संस्कृती पसरली, असा त्यांचा सिद्धांत. १९५३ला त्यावर जाडजूड ग्रंथ आला. १९५५ला मुंबईतच वारले. आपल्या टपालखात्याने १९८१ला त्यांचं तिकीट काढलं.

लिपीचं वाचन काही टिकलं नाही. संस्था टिकली.

बार्देशकर

हेरासांचा उल्लेख बरा केलात. आमच्या घरी जेझुइटांबद्दल एरवी फार प्रेमाने बोलत नाहीत, पण अभ्यासाच्या बाबतीत त्यांना मान आहे.

मला आगिर्रे यांच्या धर्माच्या बाजूबद्दल जास्त कुतूहल आहे. जेझुइट असून उत्क्रांती? तेही फ्रँकोच्या राज्यात? तेल्यार दे शार्दां या फ्रेंच जेझुइटाचं काय झालं ते ठाऊक आहे. पेकिंग मानवाच्या कामात असलेला एवढा मोठा माणूस, पण जिवंत असेतो त्यांचे विचार छापू दिले नाहीत, आणि मेल्यावर १९६२ साली रोमने त्यांच्या पुस्तकांबद्दल सावधानतेचा इशारा काढला.

दगडगोटे

बार्देशकर, हाच भाग मी मूळ लेखात आटोपता घेतला होता, लांबण लागेल म्हणून.

रोमने इशारा काढला १९६२ला. आणि १९६६ला माद्रिदमध्ये 'ला एव्होलुसिओन' नावाचा जाडजूड संग्रह निघाला. संपादक तिघे: क्रुसाफोंत, मेलेंदेस आणि आगिर्रे. तिघेही पुराजीवशास्त्रज्ञ. आणि प्रकाशक कोण, तर बीएसी, म्हणजे ख्रिस्ती लेखकांची ग्रंथमाला, धर्मग्रंथ छापणारी! उत्क्रांती हा देवाविरुद्धचा कट नव्हे हे स्पेनमधल्या शिक्षकांना, पाद्र्यांना सांगायचं तर पुस्तक त्यांच्याच कपाटातून यायला हवं, असा हिशेब असावा. हा शेवटचा अंदाज माझा. पण त्या पिढीतल्या कितीतरी स्पॅनिश विद्यार्थ्यांना उत्क्रांती पहिल्यांदा त्या पुस्तकात नीट भेटली. आगिर्रे पुढे संघातून बाहेर पडले. श्रद्धेबद्दल त्यांनी गाजावाजा केला नाही, ना आत असताना, ना बाहेर पडल्यावर.

आईची_शाळा

मुलीला शाळेत 'आदिमानव' प्रकल्प आहे म्हणून हा धागा वाचायला घेतला. ग्रान दोलिनात माणसांनी माणसं खाल्ली असं एका ठिकाणी वाचलं. खरंय का? आणि मुलांना खाल्लं?? हे मी चौथीतल्या पोरीला कसं सांगू?

दगडगोटे

खरं आहे. सहाव्या थरातल्या माणसांच्या हाडांवर दगडी पात्यांनी मांस सोलल्याच्या खुणा आहेत, मज्जेसाठी हाडं फोडली आहेत, आणि ती हरणं-घोड्यांच्या हाडांत तशीच मिसळून टाकलेली आहेत. वेगळी वागणूक काही नाही. त्यात बहुतेक लहान मुलं आणि किशोर. २०२५च्या उन्हाळ्यात तर दोन ते चार वर्षांच्या मुलाचा मानेचा मणका निघाला, त्यावरही कापल्याची खूण. भूक होती की टोळ्यांची भांडणं, यावर पथकातच दोन मतं आहेत.

मुलीला बेंजामिनाची गोष्ट सांगा. ती खाईतली, म्हणजे वेगळ्या काळाची, सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीची. कवटीची एक शिवण वेळेआधी जुळल्याने डोकं वाकडं वाढलेली मुलगी. अशा मुलाला मदतीशिवाय जगणं कठीण, पण ती निदान पाच वर्षं तरी जगली. म्हणजे तिला कुणीतरी सांभाळलं. त्याच खाईत एल्विस नावाचं कटिबंधाचं, म्हणजे पेल्विसचं, हाड आहे: पंचेचाळिशी ओलांडलेला म्हातारा, पाठीचे मणके असे बिघडलेले की वाकूनच चालत असणार. शिकारीला काय जाणार तो. त्यालाही कुणीतरी खाऊ घातलंच.

सानिका_द

एल्विस? कटिबंध म्हणून?? कुणी ठेवली ही नावं?

मुकुंद_वाई

५ क्रमांकाच्या कवटीचं नाव मिगेलोन. मिगेल इंदुराइन हा सायकलपटू १९९२ला तूर द फ्रान्स जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात कवटी निघाली. तासन्‌तास खड्ड्यात वाकून बसलेली पोरं रेडिओवर दुसरं काय ऐकणार!

कावळा_उवाच

नावं ठेवण्याची हौस इथंवर ठीक. पण 'एक्सकॅलिबर'चं काय? १९९८ला खाईत एक हातकुऱ्हाड मिळाली, लालसर गारगोटी दगडाची, सुबक, न वापरलेली. अठ्ठावीस-एकोणतीस माणसांच्या हाडांत हत्यार एकच. लगेच तिला राजा आर्थरच्या तलवारीचं नाव, आणि म्हणे मृतांना वाहिलेली पहिली भेट! एका दगडावरून अख्खा अंत्यविधी. आगिर्रे सरांच्या शिस्तीत हे बसतं का?

चाळणीवाली

इथं मी निम्मी तुमच्या बाजूने. एक वस्तू म्हणजे विधी नव्हे, ती वरून पडलेलीही असू शकते. पण हाडं तिथं कशी पोचली, हा प्रश्न विनोदावारी नेण्यासारखा नाही. आत राहिल्याच्या खुणा नाहीत: चूल नाही, खाल्लेल्या जनावरांची हाडं नाहीत. अस्वलं आपणहून पडली असतील, पण इतकी माणसं, त्यातही बरीचशी तरुण? १७ क्रमांकाच्या कवटीच्या कपाळावर एकाच हत्याराचे दोन घाव आहेत, दोन्ही जीवघेणे. हा माणूस मेल्यावरच खाली आला. तेव्हा कुणीतरी प्रेतं आणून टाकली हे मला पटतं. भेट वाहिली, हे नाही पटत.

दगडगोटे

मी ताईंच्याही थोडा पुढे. दगडाची निवड वेगळी आहे, एवढं तरी मान्य करा. पण 'पहिली भेट' हे मथळ्याचं वाक्य आहे, निष्कर्षाचं नाही.

बाकी त्या हाडांतून पुढे जे निघालं ते कुणाच्या स्वप्नात नव्हतं. २०१३ला मांडीच्या हाडातून आईकडून येणारा डीएनए काढला, तो सैबेरियातल्या डेनिसोव्हा या लुप्त मानवांच्या जवळचा निघाला आणि सगळे चक्रावले. २०१६ला पेशीच्या केंद्रकातला डीएनए वाचला तर ही माणसं निअँडरथाल या युरोपातल्या लुप्त मानवांच्या वंशाची. एवढा जुना मानवी डीएनए तोवर कुणी वाचला नव्हता. खाईतलं थंडगार, बदल न होणारं हवामान कामी आलं. आणि हाडं नीट सांभाळून काढली होती, तेही.

उमेदवार_पीएचडी

नाव बदलून लिहितेय. आमच्याकडे गाईडचं नाव पहिलं लागतं, मग त्यांनी साइटवर पाऊल ठेवलेलं असो वा नसो. निवृत्त झाल्यावरही कपाटाची किल्ली सुटत नाही. हे वाचून थोडं वाईट वाटलं, थोडं बरं वाटलं. आगिर्रे यांनी तिघांना सूत्रं दिली, तिघांची शास्त्रं वेगळी: आर्सुआगा आणि बेर्मुदेस हाडा-दातांचे, कार्बोनेल दगडांचे. एकाच वारसाला गादी दिली असती तर बाकीचे दोघे पथक फोडून गेले असते.

कावळा_उवाच

@उमेदवार_पीएचडी, हा मुद्दा मला सगळ्यात पटला. मूळ लेखात हा हवा होता.

बार्सिलोनाकर_नंदू

जायचं असेल तर थोडं. बुर्गोसमध्ये २०१०ला मानवी उत्क्रांतीचं संग्रहालय उघडलं, मिगेलोन, एल्विस, एक्सकॅलिबर तिथंच आहेत. डोंगरावर जायला आधी नोंदणी करा, गाईडबरोबरच सोडतात आणि डोक्याला हेल्मेट घालावं लागतं. रेल्वेचा चर चालत बघता येतो. सिमा दे लोस उएसोसमध्ये पर्यटकांना सोडत नाहीत, विचारूही नका. जून-जुलैत गेलात तर खोदणारे दिसतात, वर पत्र्याचं छप्पर, पाटावर पालथी पडलेली पोरं, हातात ब्रश. सांतियागोची यात्रा करणाऱ्यांना तर वेगळं जावंच लागत नाही, पायवाट आतापुएर्का गावातूनच जाते. जेवायला मोर्सिया मागा, भात घातलेलं रक्ताचं सॉसेज. शाकाहारींनी, अंडं चालत असेल तर, टॉर्तिया, म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट.

मुकुंद_वाई

एक शंका. ग्रान दोलिनाचा सहावा थर १९९४ला लागला म्हणता. मग वरपासून खाली रुंद खोदायच्या आराखड्याचं काय झालं? मधले थर सोडून थेट तिथं कसे पोचले?

दगडगोटे

मुकुंदराव, प्रश्न बरोबर जागी लागला.

ग्रान दोलिनात १८ मीटर जाडीचा गाळ आहे, ११ थर. वरचे थर रुंद उघडायचं काम १९८०च्या सुरुवातीपासून चालू होतं. त्या गतीने सहाव्या थरापर्यंत यायला कित्येक दशकं लागणार हे उघड होतं. म्हणून तिघांनी १९९३ला चराच्या कडेला जेमतेम सहा चौरस मीटरचा परीक्षेचा खड्डा घेतला, नुसता खाली काय आहे ते बघायला. ८ जुलै १९९४ला ऑरोरा मार्तिन या खोदणाऱ्या मुलीला माणसाचे दात लागले. त्या पट्ट्याला आज ऑरोरा स्तर म्हणतात. १९९७ला होमो अँटेसेसर ही नवी जात जाहीर केली ती या एवढ्याशा खड्ड्यातल्या हाडांवर, त्यातही दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या चेहऱ्यावर. एका पोराच्या चेहऱ्यावरून नवी जात करता का, म्हणून तेव्हा टीका झालीच. २०२०ला दाताच्या वेष्टणातली प्रथिनं वाचली, तेव्हा ती आपल्या, निअँडरथालांच्या आणि डेनिसोव्हांच्या मूळ फांदीची सख्खी बहीण निघाली. थेट पूर्वज नव्हे, पण फार जवळची.

मग खड्डा आणखी रुंद का नाही केला? कारण वर सातवा, आठवा, दहावा थर आहे. दहाव्यात तर तीन-चार लाख वर्षांपूर्वीचे शिकारी, त्यांची हजारो हत्यारं, बायसनची हाडं. वरचं कापून खाली गेलं तर वरचं कायमचं गेलं. म्हणून ती मंडळी १९९४ नंतरही वरूनच, ब्रशने, उतरत राहिली. ज्यांनी तो खड्डा पाहिला ते विद्यार्थी आता निवृत्तीला आले.

शेजारच्या सिमा देल एलेफांते या गुहेत २०२२ला चेहऱ्याचा एक तुकडा निघाला, ११ ते १४ लाख वर्षांपूर्वीचा, मार्च २०२५ला 'नेचर'मध्ये आला. पहिलं नाव रोसा उगेत यांचं, म्हणून त्या चेहऱ्याचं लाडकं नाव 'पिंक'. अँटेसेसर नव्हे, त्याच्याही आधीचा कुणीतरी, होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीच्या जवळचा. त्यावर वेगळा धागा काढतो. कावळेबुवा, शंका आत्ताच तयार ठेवा.

कावळा_उवाच

तयार आहेत. पहिली: एका गालफडावरून कुणाच्या जवळचा हे कसं ठरवलं?